उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आणि सागरी प्लॅस्टिक प्रदूषण : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि सागरी प्लॅस्टिक प्रदूषणाचा प्रश्न या जिल्ह्याचाही आहे. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेस मिळते, सिंदफणा मंजरथ येथे गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. अवर्षणप्रवण भागातील या लहान नद्यांच्या कोरड्या पात्रांत पिशव्या व वेष्टने साचतात आणि पावसाळ्यातील पुराबरोबर पुढे जातात. वाटेतील धरणे व बंधारे त्यांपैकी काही अडवितात. परंतु अडलेले प्लॅस्टिक नष्ट होत नाही. उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात. हा कचरा उचलण्याचा भार कोणी सोसावयाचा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व कायदा :
‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ ही संकल्पना स्वीडनमधील अभ्यासक थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली. वस्तू विकली की उत्पादकाची जबाबदारी संपते, ही रूढ समजूत तिने नाकारली. कचऱ्याचा खर्च उत्पादकावर पडल्यास तो मुळातच वेष्टन कमी वापरील व पुनर्चक्रणास योग्य असे बनवील, हे तिचे मूलतत्त्व होय. जर्मनीने १९९१ च्या वेष्टनविषयक अध्यादेशाद्वारे ती अमलात आणली.

भारतात प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये ही जबाबदारी समाविष्ट आहे. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिला निश्चित स्वरूप दिले. उत्पादक, आयातदार व ब्रँडमालक यांच्यासाठी २०२१-२२ मध्ये २५ टक्के, २०२२-२३ मध्ये ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगांकडून प्रमाणपत्रे घेऊन ते पूर्ण करता येते.

बीडच्या दृष्टीने उणीव :
हे उद्दिष्ट प्लॅस्टिकचे वजन व प्रकार यांवर ठरते. माल कोणत्या जिल्ह्यात विकला गेला यावर नाही. त्यामुळे बीडच्या बाजारात विकलेल्या शाम्पूच्या पुडीची भरपाई दूरच्या औद्योगिक शहरात गोळा झालेल्या त्याच प्रकारच्या वेष्टनाने होऊ शकते. कागदोपत्री जबाबदारी पूर्ण होते; पुडी मात्र नदीपात्रातच राहते. पाण्याच्या बाटलीस भंगारात भाव मिळतो, म्हणून कचरावेचक ती उचलतात. बहुस्तरीय पुडीस भाव नाही, म्हणून ती कोणीही उचलत नाही.

याउलट स्थानिक घटकांवरील जबाबदारी प्रत्यक्ष आहे. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदी अधिसूचनेनुसार पहिल्या उल्लंघनास ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. बंदी असलेली पिशवी देणारा किरकोळ दुकानदार जागेवरच दंड भरतो आणि साफसफाईचा खर्च नगरपरिषदेवर पडतो. म्हणजे साखळीतील दुर्बल घटक स्थानिक पातळीवर, तर सबळ घटक केवळ राष्ट्रीय बेरजेत उत्तरदायी ठरतो.

उपाय :
१) प्रमाणपत्रांचा ठरावीक हिस्सा विक्रीच्या जिल्ह्यातून गोळा केलेल्या प्लॅस्टिकचाच असावा.
२) त्या संकलनाचा मोबदला उत्पादकांनी नगरपरिषद, ग्रामपंचायत व कचरावेचक यांना द्यावा.
३) २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याची तरतूद होती. हेच तत्त्व लहान पुड्यांना लावल्यास त्यांनाही भाव येईल.

निष्कर्ष :
प्लॅस्टिक प्रदूषणाविषयी जागतिक करार करण्याचा निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे घेतला. तथापि ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील वाटाघाटी सहमतीविना संपल्या. अशा स्थितीत देशांतर्गत नियमांचे महत्त्व वाढते. उत्पादकाची जबाबदारी त्याचा माल जेथे विकला जातो त्या गावापर्यंत पोहोचल्याखेरीज गोदावरीच्या मुखाशी केलेली स्वच्छता अपुरीच राहील, असे यावरून स्पष्ट होते.