घासाघीस इंग्रजीतून करताना

नारायण पेठेला इंग्रजी नवे नाही. मराठी ‘केसरी’बरोबर ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिकही १८८१ साली सुरू झाले आणि पुढे ही दोन्ही पत्रे याच पेठेतल्या गायकवाड वाड्यातून, म्हणजे आजच्या केसरीवाड्यातून निघत राहिली. परंतु अग्रलेखाचे इंग्रजी वेगळे आणि गल्ल्यावर बसून बोलायचे इंग्रजी वेगळे. याच पेठेत छपाईचा व्यवसाय करणाऱ्या एखाद्या गृहस्थाला बंगळुरूच्या कंपनीतून फोन येतो, ‘व्हॉट इज युवर बेस्ट प्राइस?’ मराठीत कुठल्याही गिऱ्हाइकाला पुरून उरणारा हा माणूस अशा वेळी फोन मुलाच्या किंवा पुतण्याच्या हाती देतो. मुलाचे इंग्रजी चांगले असते. पण कागदाचा भाव, बाइंडिंगची मजुरी आणि आपण कुठवर खाली येऊ शकतो हे वडिलांच्या डोक्यात असते. नुकसान होते ते इथे.

ते किती होते, याचा एक साधा हिशेब करू. समजा, पाचशे डायऱ्यांची ऑर्डर आहे. दर नगाला १८० रुपये आणि खर्च १६० रुपये. एकूण बिल ९० हजारांचे, नफा १० हजारांचा. पलीकडची व्यक्ती गोड आवाजात म्हणते, ‘जस्ट फाइव्ह पर्सेंट, सर.’ पाच टक्के म्हणजे नगामागे ९ रुपये, एकूण साडेचार हजार. बिलाचे पाच टक्के गेले, पण नफ्याचे पंचेचाळीस टक्के गेले. दहा टक्के सोडले, तर नगामागे उरतात फक्त २ रुपये. संकोचापोटी तोंडातून गेलेल्या एका ‘ओके’ची ही किंमत आहे.

आपल्या बोलण्यात ‘हो, हो’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच असतो. तीच सवय आपण इंग्रजीत नेतो आणि ‘यस, यस’ म्हणत राहतो. समोरचा मात्र ते संमती म्हणून लिहून घेतो. त्यापेक्षा ‘आय अंडरस्टँड’ म्हणावे. कळले, पण मान्य केलेले नाही. विचाराला वेळ हवा असेल, तर ‘लेट मी चेक अँड कॉल यू बॅक’ हे वाक्य पुरते. त्यात कमीपणा काही नाही. दुसरी सवय म्हणजे ‘बघा ना, परवडत नाही हो’ याचे शब्दशः भाषांतर करणे. मराठीत त्यात आपुलकी असते; इंग्रजीत ‘प्लीज, सर’ची माळ लावली की ती अजिजी वाटते.

भाव करण्याच्या इंग्रजीचा सारा कणा एका छोट्या शब्दात आहे, ‘इफ’. आपल्या भाषेत ‘जर-तर’ म्हटले की टाळाटाळ वाटते. व्यापारात तोच सरळपणा ठरतो. ‘इफ यू टेक वन थाउजंड पीसेस, वी कॅन ऑफर फोर पर्सेंट.’ ‘इफ यू पे फिफ्टी पर्सेंट अ‍ॅडव्हान्स, वी कॅन डिलिव्हर बाय द टेन्थ.’ आपण जे सोडतो, त्याच्या बदल्यात काही मागतो. नुसती सवलत दिली, तर पुढच्या वेळी तोच मूळ भाव धरला जातो आणि घासाघीस तिथून खाली सुरू होते.

शब्दांच्या फरकाने व्यवहार कसे फिरतात, हे इंग्लंडमधल्या दोन जुन्या खटल्यांत दिसते. १८४० मध्ये रेंच नावाच्या गृहस्थाने आपली शेती हाइड यांना १००० पौंडांना देऊ केली. हाइड म्हणाले, ९५० देतो. रेंच यांनी नकार दिला, तेव्हा हाइड १००० द्यायला तयार झाले. न्यायालयाने सांगितले की, ९५० म्हणताच पहिला प्रस्ताव संपला. आता विकण्याचे बंधन रेंच यांच्यावर नाही. पुढे १८८० मध्ये लोखंडाच्या एका सौद्यात खरेदीदाराने तार करून, माल त्याच भावाने दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने द्याल का, असे विचारले होते. तिथे न्यायालयाने म्हटले, ही नुसती चौकशी आहे, मूळ प्रस्ताव जिवंत आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही स्वीकार निखळ आणि बिनशर्त असावा लागतो, आणि तोंडी करारही करार ठरू शकतो. म्हणून खरेदीला बसलात, तर ‘आय विल पे वन सिक्स्टी’ म्हणण्याआधी ‘वुड यू कन्सिडर वन सिक्स्टी?’ असे विचारून पाहावे. पहिले वाक्य नवा प्रस्ताव आहे, दुसरा प्रश्न आहे.

आकड्यांचा घोटाळा तर फोनवर हमखास होतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ ऐकायला सारखेच. म्हणून ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असे सुटे सांगावे. मराठीत आपण पंचेचाळीस म्हणताना पाच आधी उच्चारतो, इंग्रजीत चाळीस आधी येतात. घाईत अंक उलटतात. परदेशी ग्राहकाला लाख कळत नाही, त्याला ‘हंड्रेड थाउजंड’ सांगावे लागते. आणि ‘रिड्यूस बाय ट्वेंटी’ म्हणजे वीस रुपयांनी कमी, तर ‘रिड्यूस टू वन ट्वेंटी’ म्हणजे एकशेवीसवर आणणे. आपल्या ‘-नी’ आणि ‘-वर’ या प्रत्ययांइतकेच ‘बाय’ आणि ‘टू’ जपून वापरावेत.

पूर्वी दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून करपल्लवीने भाव ठरवत. भोवतालच्यांना काही कळत नसे, पण त्या दोघांत आकड्याबद्दल संशय राहत नसे. फोनवर बोटे धरता येत नाहीत. ते काम आता बोलण्यानंतरच्या ई-मेलने करायचे. चार ओळी पुरेत: नग किती, दर किती, कर धरून की वेगळा, वाहतूक कोणाकडे, माल कधी आणि पैसे कधी. शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला २००६ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. लेखी करार असला तरी ग्राहकाला पैसे ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत, थकवले तर व्याज द्यावे लागते. समोरचा ‘नाइंटी डेज क्रेडिट’ म्हणाला, तर ‘वी आर अ रजिस्टर्ड स्मॉल एंटरप्राइज, अवर लिमिट इज फोर्टी-फाइव्ह डेज’ एवढे शांतपणे सांगता यायला हवे.

यासाठी मोठे व्याकरण लागत नाही. आपल्या धंद्यातली वीस-पंचवीस वाक्ये वहीत लिहावीत, घरी मोठ्याने म्हणावीत. फोन येण्यापूर्वी तीन आकडे कागदावर मांडावेत: सांगायचा भाव, अपेक्षित भाव आणि ज्याखाली जायचेच नाही तो भाव. उच्चार थोडा अडखळला, तर ग्राहक जात नाही. आकडा अडखळला, तर मात्र नफा जातो. तेव्हा यापुढे फोन पुतण्याकडे देण्यापेक्षा त्याला शेजारी बसवावे. अडला तर शब्द त्याने सुचवावा, भाव आपणच सांगावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)