आखाड्यावरचं कुत्रं आणि काठी

परभणी-परळी लोहमार्गावरच्या पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनासाठी लोक येतात. आसपासच्या शिवारात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राखणीला कुत्रं असतंच, आणि ते ‘तिखट’ व्हावं म्हणून साखळीनं बांधून मारणारेही असतात. काठीनं कुत्रं गप्प होतं, पण शिकत नाही. गुरगुरणं हा त्याचा इशारा असतो. त्यासाठीच मार बसला, की इशारा बंद होतो, भीती मात्र आत राहते. मग ते न गुरगुरता थेट चावतं.

शिकवायचं असेल, तर कुत्रं हाक मारल्यावर आलं, की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यावा. उशीर झाला तर बक्षीस कशाचं, हे त्याला कळत नाही. शिक्षेचंही तसंच. चप्पल सकाळी फाडली आणि मार संध्याकाळी, तर ते फक्त धन्याला भ्यायला शिकतं. नको त्या वागण्याकडे पाठ फिरवावी, चप्पल उचलून ठेवावी. वेळ लागतो, हे खरं.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला मारहाण करणं, फार आखूड किंवा जड साखळीत अवाजवी काळ जखडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. एवढ्यात साखळीसुद्धा येत नाही!