फार्मव्हिलच्या कुलूपबंद शाळा
अमेरिकेतली वर्णरेषा : लेखांक ६

गेल्या दोन लेखांकांत आपण घरांचा विषय पाहिला: कुणाला कर्ज मिळालं आणि कुणाला बँकेने दारातूनच परत पाठवलं. आज शाळेकडे वळू. अमेरिकी शाळांमधल्या वर्णभेदाबद्दल लिहिताना बहुतेक जण १७ मे १९५४ या तारखेवर येऊन थांबतात. त्या दिवशी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा चालवणं घटनाबाह्य ठरवलं. मला त्या निकालाइतकीच पुढची दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. ती समजून घ्यायला व्हर्जिनिया राज्यातली एकच काउंटी पुरेशी आहे. तिचं नाव प्रिन्स एडवर्ड आणि मुख्य गाव फार्मव्हिल. तंबाखूच्या शेतीचा हा मुलूख.

फार्मव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल होतं. १९३९ साली बांधलेली ही इमारत जेमतेम १८० मुलांची, आणि १९५० च्या सुमारास तिथे साडेचारशेच्या आसपास मुलं शिकत होती. नवी इमारत मागितली, तर शाळेच्या मंडळाने आवारात तात्पुरत्या शेड उभ्या करून दिल्या. लाकडी सांगाडा आणि त्यावर डांबरी कागद. गावातले लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत. हिवाळ्यात शेगडीजवळची मुलं घामाघूम व्हायची आणि लांबची अंगातला कोट उतरवत नसत. पाऊस आला की छत गळायचं, मग वर्गात छत्र्या उघडायच्या. व्यायामशाळा नाही, उपाहारगृह नाही, प्रयोगशाळा नाही. शाळेच्या बसही गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या.

बार्बरा जॉन्स या शाळेत शिकत होती. वय सोळा. एका सकाळी तिची बस चुकली. ती रस्त्यावर उभी असताना गोऱ्या मुलांची बस समोरून निघून गेली, अर्धी रिकामी. त्याआधी तिने एका शिक्षिकेकडे शाळेच्या हालाखीची तक्रार केली होती, तेव्हा बाईंनी तिलाच विचारलं होतं, मग तूच काही का करत नाहीस? २३ एप्रिल १९५१ ला तिने ते केलं. गावातल्या बस स्थानकावर आपल्या मुलांचं काहीतरी बिनसलंय असा खोटा निरोप देऊन मुख्याध्यापकांना बाहेर धाडलं, त्यांच्या नावाने चिठ्ठ्या पाठवून सगळ्या वर्गांना सभागृहात बोलावलं. पडदा उघडला तेव्हा मंचावर बार्बरा होती. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. तो दोन आठवडे चालला.

मुलांना हवी होती ती चांगली इमारत. त्यांच्या हाकेला आलेले, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी अट घातली: गोऱ्यांसारखी वेगळी शाळा मागायची असेल तर आम्ही नाही, वेगळेपणाच मोडायचा असेल तर लढू. मुलांनी आणि पालकांनी होकार दिला. आपली जमीन, नोकरी, उधारी सगळं ज्यांच्या हातात, त्यांच्याविरुद्ध दाव्यावर नाव घालायला केवढं धैर्य लागलं असेल, याचा विचार वाचकांनी क्षणभर करावा. ‘ब्राउन’मध्ये एकत्र केलेल्या पाच दाव्यांपैकी विद्यार्थ्यांच्या उठावातून उभा राहिलेला हा एकच. धोका ओळखून घरच्यांनी बार्बराला अलाबामात मॉन्टगोमेरीला काकांकडे पाठवून दिलं.

दावा चालू असतानाच काउंटीने १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी घाईने नवं हायस्कूल बांधून दिलं. जे वर्षानुवर्षं परवडत नव्हतं, ते खटला उभा राहताच परवडलं.

निकाल लागला, पण अंमलबजावणीची तारीख ठरली नाही. १९५५ च्या दुसऱ्या आदेशातही न्यायालयाने मुदत घातली नाही. व्हर्जिनियात सिनेटर हॅरी बर्ड यांच्या गटाने ‘मॅसिव्ह रेझिस्टन्स’ या नावाने उघड विरोधाचं राजकारण सुरू केलं. अखेर १९५९ मध्ये संघीय न्यायालयाने प्रिन्स एडवर्डला बजावलं की, सप्टेंबरपासून मुलं एकत्र बसलीच पाहिजेत. त्यावर काउंटीच्या मंडळाने शाळांसाठी कर बसवायलाच नकार दिला. पैसाच नाही, तर शाळाही नाही. सगळ्या सरकारी शाळांना टाळं लागलं, सहा वर्षांपूर्वीच्या त्या नव्या इमारतीलाही.

इथे थोडं मागे गेलं पाहिजे. व्हर्जिनियात सर्वांसाठी मोफत सरकारी शाळा आल्या त्याच मुळी यादवी युद्धानंतर. १८६७-६८ च्या घटना परिषदेत काही काळापूर्वीपर्यंत गुलाम असलेली माणसंही प्रतिनिधी म्हणून बसली होती. तिथे तयार झालेल्या राज्यघटनेने सरकारी शाळा बंधनकारक केल्या आणि १८७० मध्ये त्या उघडल्या. त्याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्या मुक्तीतून उभी राहिलेली शाळा पुढे नव्वद वर्षांनी एका काउंटीने बंद केली. ती काळ्यांबरोबर वाटून घेण्यापेक्षा कुणालाच नसलेली बरी, असा तिथल्या सत्ताधाऱ्यांचा निर्णय होता.

अर्थात, ‘कुणालाच’ हे कागदावर. गोऱ्या मुलांसाठी त्याच सप्टेंबरात खासगी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी सुरू झाली, चर्चमध्ये आणि गावातल्या सभागृहांत. पुढल्या वर्षी फीसाठी सरकारी अनुदान आणि देणगीदारांना करसवलतही मिळू लागली. कृष्णवर्णीय मुलं सुमारे १,७०० होती. फी न परवडणारी थोडी गरीब गोरी मुलंही त्यांच्याबरोबर घरी बसली.

गोऱ्या पुढाऱ्यांनी कृष्णवर्णीयांसाठीही खासगी शाळा काढण्याचा प्रस्ताव दिला होता. तो समाजाने नाकारला, कारण तो घेतला असता तर सरकारी शाळेवरचा हक्कच सोडल्यासारखं झालं असतं. बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू फ्रान्सिस ग्रिफिन यांनी चर्चच्या तळघरांत मुलांना थोडा वेळ एकत्र आणायची सोय केली, पण तिला शाळा म्हणायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. मुलांची शाळेची सोय झाली आहे असं दिसलं असतं तर खटला लंगडा पडला असता. हक्क जपायचा तर मुलांची वर्षं खर्ची घालायची, ही निवड आईबापांच्या वाट्याला आली. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत क्रूर भाग हाच वाटतो.

ज्यांचे नातेवाईक दुसऱ्या काउंटीत होते, त्यांनी मुलं तिकडे पाठवली. काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने परराज्यातल्या अनोळखी कुटुंबांकडे ठेवलं. बाकीची तंबाखूच्या शेतात राबली. केनेडी सरकारच्या पुढाकाराने १९६३ मध्ये देणग्यांवर चालणाऱ्या ‘फ्री स्कूल्स’ उघडल्या, तेव्हा वयाने मोठी झालेली अनेक मुलं अक्षरओळखीशिवाय वर्गात येऊन बसली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रिफिन’ खटल्यात शाळा उघडायला लावल्या. उघडल्या त्या जवळजवळ फक्त कृष्णवर्णीयांसाठीच. गोरे अकॅडमीतच राहिले.

हे एखाद्या आडगावाचं वेड म्हणून सोडून देता येत नाही. फार्मव्हिलमध्ये भेदभाव ज्या हत्याराने केला गेला, ते म्हणजे स्थानिक कर, आणि ते हत्यार देशभर तसंच आहे. अमेरिकेतल्या शाळांच्या खर्चाचा मोठा हिस्सा मालमत्ता करातून, आपल्या भाषेत घरपट्टीतून, येतो. घर महाग असेल तर शाळा श्रीमंत. आणि घरांच्या किमती कशा ठरल्या, हे आपण मागच्या लेखांकांत पाहिलंच. टेक्सासात सॅन अँटोनिओ शहरात १९६७-६८ मध्ये मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या वस्तीचा एजवुड जिल्हा एका मुलावर ३५६ डॉलर खर्च करू शकत होता, तर शेजारचा गोरा अलामो हाइट्स ५९४. पालक न्यायालयात गेले. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की, शिक्षण हा संघीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही.

पुढल्याच वर्षी डेट्रॉइटचा ‘मिलिकन’ खटला आला. गोरे उपनगरांत निघून गेल्यामुळे शहरात एकत्र बसवायला गोरी मुलंच फारशी उरली नव्हती, म्हणून खालच्या न्यायालयाने ५३ उपनगरी शालेय जिल्ह्यांनाही योजनेत घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तेही पाच विरुद्ध चारने रद्द केलं. त्यानंतर जिल्ह्याची हद्द हीच भिंत झाली. थर्गुड मार्शल यांनी ‘ब्राउन’ वकील म्हणून जिंकला होता. या दोन्ही निकालांत न्यायाधीश म्हणून त्यांना विरोधी मत लिहावं लागलं.

वेगळेपणाचा कायदा गेला तरी फरक का टिकला, याचं उत्तर मला इथे सापडतं. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मध्यम स्थानावरच्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. ‘हुशारी’ आणि ‘मेहनत’ यांच्या गप्पा मारताना हा आकडा समोर ठेवावा. महाविद्यालयाची फी, शिकवणी, चांगल्या शाळेजवळचं घर हे सगळं या मालमत्तेतूनच येतं, आणि ती आजोबांपासून साचत येते. प्रिन्स एडवर्डमध्ये ज्याची शाळेची चार-पाच वर्षं गेली, त्याला पुढे कमाई कमी मिळाली, मुलांना हात देण्याची ऐपतही कमी राहिली.

२००३ मध्ये तिथल्या शाळा हुकलेल्या विद्यार्थ्यांना मानद प्रमाणपत्रं देण्यात आली. पुढल्या वर्षी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती ठेवली. पन्नाशी-साठी गाठलेली माणसं तिच्या बळावर पुन्हा शिकायला बसली. निम्मी रक्कम एका धनिकाने दिली. शाळा बंद ठेवणाऱ्या मंडळाकडून त्या वर्षांची भरपाई कुणाला मिळाली नाही. ती वर्षं कुणी हिरावली, हे तिथल्या सभांच्या इतिवृत्तांत लिहिलेलं आहे. म्हणूनच विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करावा की नाही या वादात ‘आता सगळे समान आहेत’ असं म्हणणाऱ्यांना मी फार्मव्हिलचं उदाहरण देईन. तो वाद १९७८ च्या ‘बाकी’ खटल्यापासून २०२३ च्या हार्वर्ड निकालापर्यंत कसा फिरला, ते पुढच्या लेखांकात.