ऑडॅसिटीच्या पोटात

व्याख्यान तासाभराचं. पाचव्या मिनिटाला वक्ता खोकतो. पडद्यावर आवाजाची निळी लहर दिसत असते. खोकल्याचा उंचवटा माउसने निवडायचा, 'डिलीट' दाबायचं, काम संपलं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्यांदाच उघडणाऱ्यालाही एवढं जमतं. घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवणारे, पॉडकास्ट करणारे, पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे हौशी लोक त्याच्याकडे वळतात ते यामुळेच. मात्र हा सोपेपणा बटणांच्या मांडणीपेक्षा आतल्या रचनेतून आला आहे.

1999 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि संगणकीय संगीताचे अभ्यासक रॉजर डॅननबर्ग यांनी ध्वनिविश्लेषणाच्या संशोधनासाठी हे साधन करायला घेतलं. मे 2000 मध्ये त्याची 0.8 ही आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली.

अडचण होती ती आकाराची. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात. दोन चॅनेल आणि नमुना 16 बिटांचा धरला, तर मिनिटाला सुमारे 10 एमबी, तासाला 600 एमबीच्या वर. अशा सलग फाइलमधून पाचव्या मिनिटातला तुकडा काढायचा, तर पुढची पंचावन्न मिनिटं डिस्कवर पुढे ओढून घ्यावी लागतात. मॅझोनी आणि डॅननबर्ग यांनी आवाज सलग ठेवलाच नाही. त्याचे छोटे तुकडे पाडले आणि त्यांच्या क्रमाची यादी ठेवली. खोकला काढला की कापलेल्या कडेचे एक-दोन तुकडे नव्याने लिहायचे. बाकी बदल यादीत. जुने तुकडे जागच्या जागी शाबूत असतात, त्यामुळे 'अनडू' करत हव्या तेवढ्या पायऱ्या मागे जाता येतं. नवख्या माणसाची भीड चेपते ती इथे.

लहर दिसण्यामागेही असाच हिशेब आहे. तासभराचा आवाज पडद्याच्या हजारभर ठिपक्यांत बसवला, तर एकेका ठिपक्यामागे दीड लाखाहून जास्त नमुने येतात. ते दर वेळी मोजत बसण्याऐवजी ऑडॅसिटी दर 256 नमुन्यांमागे, आणि पुन्हा दर 65,536 नमुन्यांमागे, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू आधीच टिपून ठेवतं. म्हणून चित्र चटकन उमटतं.

पंख्याची घरघर घालवायची असेल तर कोणी बोलत नसतानाचे एक-दोन सेकंद निवडून नमुना म्हणून द्यायचे. त्यातल्या कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे हे सॉफ्टवेअर पाहतं आणि संपूर्ण मुद्रणात त्या पातळीच्या खालचा आवाज दाबतं. हाव धरली तर बोलणाऱ्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

उणिवाही आहेत. पूर्वी प्रकल्पाची फाइल वेगळी आणि आवाजाचा फोल्डर वेगळा असे. नुसती फाइल पेनड्राइव्हवर नेणाऱ्याच्या हाती आवाज लागत नसे. मार्च 2021 मधल्या 3.0 आवृत्तीपासून सगळं एकाच फाइलमध्ये आलं. इफेक्ट ऐकता ऐकता बदलण्याची सोय तर 2022 मध्ये, 3.2 आवृत्तीत मिळाली. प्रकल्प बंद केला की 'अनडू'चा इतिहास मात्र अजूनही पुसला जातो. मूळ मुद्रणाची प्रत वेगळी ठेवावी, ती यासाठी.

2021 मध्येच म्यूझ ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी ताब्यात घेतलं. वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला आणि वापरकर्ते खवळले. तो मागे घ्यावा लागला. पाठोपाठ आलेल्या गोपनीयता धोरणात तेरा वर्षांखालच्या मुलांनी हे वापरू नये, असं कलम निघालं. कोणीही, कशासाठीही वापरावं अशी मुभा देणाऱ्या जीपीएल परवान्याशी ते विसंगत होतं. कंपनीने माफी मागून मजकूर बदलला. तोवर काही मंडळींनी तोच कोड घेऊन 'टेनॅसिटी' नावाची वेगळी शाखा सुरूही केली होती. त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. नाव आणि बोधचिन्ह कंपनीकडे गेलं. आधी जीपीएलखाली वाटलेला कोड मात्र लोकांकडून परत घेण्याची सोय त्या परवान्यात नाही.