भिजलेले पोते

वैशाख अजून सरला नव्हता. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालण्याचे, वर्षाच्या गहू-ज्वारीला ऊन दाखवून कोठ्या भरण्याचे ते दिवस. दुकानांत खरिपाची बियाणी आणि खते नुकतीच उतरू लागली होती. अशा वेळी 25 मे 2025 रोजी, रविवारी, बारामती आणि इंदापूर तालुक्यांवर पाऊस अक्षरशः कोसळला. मोसमी पाऊस आदल्याच दिवशी केरळात पोहोचला होता; सर्वसाधारण वर्षी तो या भागात यायला जूनचा दुसरा आठवडा उजाडतो.

बारामतीत 83.6 मिलिमीटर आणि इंदापुरात 35.7 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कोकणवासीयाला या आकड्यांचे नवल वाटणार नाही. परंतु हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे वर्षभराचा पाऊसच पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यात आधीच्या दिवसांच्या सरींनी जमीन भिजलेली होती. ओढे रस्त्यांवरून वाहू लागले, सखल वस्त्यांत पाणी शिरले, बारामती तालुक्यात सुमारे 25 घरांची अंशतः पडझड झाली आणि दोन्ही तालुक्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके धाडावी लागली. पिंपळी-लिमटेक येथे नीरा डावा कालवा फुटला.

या कालव्याची गोष्ट व्यापारी घराण्यांना नव्याने सांगायला नको. 1876 च्या भीषण दुष्काळानंतर या भागाला पाणी देण्यासाठी तो खोदला गेला आणि 1885 साली सुरू झाला. त्याच्या पाण्यावर ऊस आला, उसामागे गूळ आला, गुळामागे पेढ्या आल्या. शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर उभारलेला साखर कारखाना आणि त्याभोवती वसलेले वालचंदनगर, ही याच बागायतीची फळे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या पाटाकडे डोळे लावून बसायचे, तोच कालवा त्या दिवशी शेतांत घुसला.

साधू-साध्वींचाही हा विहाराचा काळ. चातुर्मासाला महिन्याहून अधिक अवकाश होता. पाऊस पडत असता अप्कायाच्या जीवांची विराधना टाळण्यासाठी ते गोचरीला बाहेर पडत नाहीत. तेव्हा झड लागली की उपवास आपोआप घडतो. श्रावकांनी मात्र अशा दिवसांत विहारमार्गावरील मुक्कामांची विचारपूस वेळीच करावी. ती आषाढापर्यंत लांबणीवर टाकण्याची सवय आता सोडलेली बरी.

पाणी ओसरल्यावर दुकानदारासमोर जो प्रश्न उभा राहतो, तो अधिक अवघड. तळाच्या थरातली पोती भिजलेली असतात. शेतातल्या पिकाचा पंचनामा होतो. दुकानातल्या मालाला आधार बहुधा विम्याचाच, आणि तोही पॉलिसीत पुराची जोखीम घेतलेली असेल तर. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला माल हलवू नये, त्याची छायाचित्रे आणि साठा-नोंदवही जपावी, हे पुष्कळांना नुकसान झाल्यावरच कळते. तोवर धान्याला मोड येऊ लागतात, त्यात किडे होतात. जैन घराला तेथे दुहेरी बोच लागते: पैशाची आणि जीवहिंसेची.

बियाण्याचे पोते तर याहून कठीण. वरून वाळले की ते कोरड्यासारखेच दिसते. बुरशीनाशक चोळलेले असल्याने ते गोशाळेतही देता येत नाही. ते विकले जाऊ शकते, एवढाच मोह उरतो. माती वाहून गेलेला शेतकरी उधारीवरच बियाणे नेतो आणि दाणा रुजला नाही तर त्याचा हंगाम जातो. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून हिणकस माल देणे, स्पष्टपणे मोजले आहे. व्रतधारी व्यापाऱ्याला ‘गिऱ्हाईकाने विचारले नाही’ ही सबब तेथे उपलब्ध नाही.

मोहरबंद पिशवीला ओल लागली असेल तर ती वेगळी काढून पुरवठादाराला कळवणे, हा सरळ मार्ग. शेतकऱ्याने घरी राखलेल्या सोयाबीनसाठी उगवणीची चाचणी आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींनी ठेवावे, गोणपाट गुंडाळून सावलीत ओलसर राखावे आणि आठवड्याने मोड मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर ते बियाणे पेरणीयोग्य. ही चाचणी दुकानाच्या ओट्यावर, शेतकऱ्यासमोरच लावता येते.