इंग्रजी साहित्याचे पेपर निवडताना काय बघायचं?

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर इंग्रजी. 'शेक्सपिअर, भारतीय इंग्रजी साहित्य आणि ॲकॅडेमिक रायटिंग, यातले दोन घ्यायचेत. स्कोअरिंग कुठले आहेत?'

मी तिला हसले नाही, कारण मीही हेच विचारलं होतं. जुन्या प्रश्नपत्रिका बघून, नोट्स कुठल्या पेपरच्या मिळतात ते बघून निवड केली. मार्कही छान पडले. मग पीएचडीसाठी दोन पानांचा आराखडा लिहायला बसले आणि चार महिने गेले. मॅडम दर वेळी एकच म्हणायच्या, 'विषय कळला गं, पण तुझा प्रश्न काय आहे?' पदवीच्या तीन वर्षांत मी शेकडो प्रश्नांची उत्तरं लिहिली होती. स्वतः प्रश्न मात्र एकदाही तयार केला नव्हता.

आता तर ही निवड जास्तच महत्त्वाची झाली आहे. नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्याला एम.ए. न करताही पीएचडीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे आम्हाला चुका सुधारायला एम.ए.ची जी दोन वर्षं मिळाली, ती तुमच्यापैकी काहींना मिळणार नाहीत.

'विषय' आणि 'प्रश्न' यांत फरक काय, ते एका उदाहरणाने बघू. अरुण कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ साली आला. 'जेजुरीतील श्रद्धा आणि संशय' हा झाला विषय. त्यावर भरपूर लिहून झालंय आणि तो गाइडमध्येही सापडेल. आता असं बघा. त्यातल्या एका कवितेत यशवंतराव नावाचा देव आहे. मराठी वाचकाला हे नाव शेजारच्या काकांचं वाटतं. ज्याला मराठी येत नाही, त्याला ते फक्त एक परकं नाव. मग या कवितेतली गंमत दोघांपर्यंत सारखीच पोहोचते का? नसेल, तर दुसऱ्या वाचकासाठी कवितेतलं दुसरं काय काम करतं? हा झाला प्रश्न. उत्तर आधीपासून ठरलेलं नाही आणि ते शोधायला कविता ओळ न् ओळ वाचावी लागेल.

या प्रश्नाला काय काय लागलं बघा: कविता बारकाईने वाचायची सवय, भाषा आणि भाषांतराबद्दलची थोडी समज, आणि आपलं म्हणणं पुराव्यासकट मांडणारं लेखन. पेपर निवडताना या तिन्ही गोष्टी कुठे ना कुठे मिळतील असं बघायचं. तिन्ही एकाच सेमिस्टरला मिळाव्यात असं काही नाही.

लेखनाच्या कोर्सबद्दल मात्र सावध राहा. नावात 'रायटिंग' असतं आणि आत अर्ज, बायोडेटा, ईमेल कसे लिहायचे एवढंच असतं. नोकरीसाठी ते उपयोगी आहे, पण संशोधनासाठी पुरत नाही. सिलॅबस मिळवा आणि सीनियर्सना तीन गोष्टी विचारा. सेमिस्टरमध्ये किती वेळा लिहायला लावतात? लिहिलेलं तपासून, शेरे मारून परत देतात का? ते सुधारून पुन्हा द्यायची संधी असते का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर डोळे झाकून घ्या. क्रिएटिव्ह रायटिंगचा कोर्स असला तरी चालेल, कारण आपलंच वाक्य खोडून पुन्हा लिहायची सवय तिथेही लागते.

'पण ताई, नेटचं काय?' हा पुढचा प्रश्न येणारच. नेटच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात नाटक, कविता, कथा-कादंबरीपासून सिद्धान्त आणि संशोधनपद्धतीपर्यंत १० घटक आहेत. दुसऱ्या पेपरमध्ये २०० मार्कांसाठी १०० प्रश्न असतात, सगळे पर्यायी. त्यामुळे साहित्याच्या इतिहासाचे पेपर टाळू नका. पण लक्षात ठेवा, ही परीक्षा तुमच्याकडून एकही वाक्य लिहून घेत नाही. प्रबंधात मात्र सगळी वाक्यं तुम्हालाच लिहायची असतात.

आणि मार्क? ते महत्त्वाचे नाहीत असं मी म्हणणार नाही. ७५ ची अट खरी आहे. राखीव प्रवर्गांना पीएचडीच्या पात्रतेत ५ टक्के सवलत देता येते, पण अट आहेच. म्हणून सगळेच पेपर अवघड घेऊ नका. जिथे पर्याय असेल तिथे एक हमखास मार्कांचा घ्या आणि एक असा घ्या, ज्यात सुरुवातीला तुमची त्रेधा उडेल.

तो दुसरा कसा ओळखायचा? माझा साधा नियम असा: जे एकट्याने वाचता येतं ते सुट्टीत वाचा, आणि ज्याला शिकवणारं माणूस लागतं ते वर्गात घ्या. शेक्सपिअरची भाषा चारशे वर्षं जुनी आहे, ती कुणीतरी उलगडून दाखवली तर वर्षभराचे कष्ट वाचतात. आपल्या लेखनातली चूक तर आपल्याला दिसतच नाही, त्याला दुसरा वाचक लागतोच. भारतीय इंग्रजी कादंबऱ्या मात्र तुम्ही लायब्ररीतून आणून आजपासून वाचू शकता.

तुमच्या कॉलेजात असा लेखनाचा कोर्सच नसेल, तर कुठल्याही एका पेपरची असाइनमेंट मनापासून लिहा. सरांना किंवा मॅडमना म्हणा, 'फक्त पहिलं पान तपासून द्याल का?' एका पानाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. शेरे वाचून पूर्ण असाइनमेंट पुन्हा लिहा. सेमिस्टरला एक, असं केलं तरी सहा सेमिस्टरमध्ये सहा वेळा होईल. माझं एकदाही झालं नव्हतं.

ज्युनियरने शेक्सपिअर आणि ॲकॅडेमिक रायटिंग घेतलंय. पहिल्या असाइनमेंटवर लाल शेरेच शेरे आलेत, असा काल मेसेज होता. मी लिहिलं, 'छान! आता सगळे शेरे वाच आणि पुन्हा लिही.'