तो घोडा ज्याचा होता, त्याने पुढे काय केलं?

पनवेलला गाढी नदीच्या कडेला मागच्या पावसाळ्यानंतर एक घोडा उभा असायचा. पाठीवर खोगीर घासून झालेली जखम, आणि खूर इतके वाढलेले की बिचारा पाय फेकत चालायचा. मी एका संस्थेला फोन केला. मालकाचा शोध लागला, त्याने घोडा लिहून दिला, गाडी आली आणि घोडा गेला. त्या महिन्यापासून मी संस्थेला दरमहा पाचशे रुपये पाठवायला लागले.

हे मी कौतुकाने गाइडना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मालकाने पुढे काय केलं?"

मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, की लग्नसराई सुरू झाली तेव्हा त्याच्या दारात दुसरा घोडा आलेला होता.

तुमच्यापैकी बरेच जण पेट परीक्षा देऊन सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असाल. 'अमुक संस्थेच्या कार्याचा अभ्यास' अशा विषयांची आपल्याकडे रेलचेल आहे. त्यांत संस्थेने किती प्राणी वाचवले याचा तक्ता असतो, आणि तक्ता संपला की प्रबंधही संपतो. माझ्या पाचशे रुपयांचा हिशोब त्या तक्त्यात बसत नाही. का, ते सांगते.

आधी जरा लांबची गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने इजिप्तमध्ये आपले हजारो घोडे विकून टाकले. 1930 साली डोरोथी ब्रूक नावाच्या बाई कैरोला आल्या, तेव्हा त्यांतले म्हातारे झालेले घोडे तिथे ओझी ओढत होते. बाईंनी 1931 साली 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्राला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि तीन वर्षांत त्यांनी असे सुमारे 5,000 घोडे विकत घेतले. बहुतेक इतके थकलेले होते की त्यांना शांतपणे मरण देण्यापलीकडे काही करता आलं नाही. 1934 साली मात्र त्यांनी कैरोत घोड्यांचं हॉस्पिटल काढलं. ब्रूक ही संस्था तिथूनच वाढली, आज तिचं काम भारतातही चालतं.

आता इथे थांबा आणि संशोधकाच्या नजरेने बघा. विकत घेऊन घोडा सोडवणं युद्धातल्या घोड्यांच्या बाबतीत का चाललं? कारण नवे युद्धघोडे येणार नव्हते. एक सोडवला की एक कमी झाला. कैरोच्या रोजच्या गाड्यांना हे लागू होत नाही. तिथे एक घोडा विकत घ्या, मालक त्याच पैशात दुसरा आणेल. म्हणून तिथे हॉस्पिटल. पहिला समूह बंद, दुसरा उघडा. तुमचा समूह यांतला कुठला, हे ठरवल्याशिवाय 'किती वाचवले' या आकड्याला अर्थ येत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या घ्या. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, वर्षभराची मुदत दिली, आणि गाडीवाल्यांच्या व घोड्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. 2021 मध्ये घोड्याविना बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. म्हणजे मागणीच बंद केली. पण शहराच्या हद्दीत समूह बंद झाला, तरी घोडा हद्दीबाहेर वरातीला विकला गेला तर? अभ्यासाची सीमा मुंबईपुरती आखली तर यश दिसेल, राज्यापुरती आखली तर कदाचित दिसणार नाही.

माथेरान आमच्या अगदी डोक्यावर. वाहनांना बंदी असलेलं गाव, 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, आणि माणसांची, सामानाची ने-आण बरीचशी घोड्यांवर. डिसेंबर 2022 मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, घोडेवाल्यांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. घोड्याचं भलं व्हावं असं वाटणाऱ्याला ई-रिक्षा बरी वाटते. पण धंदा अर्ध्यावर आला तर घोड्याचा चारा वाढेल की कमी होईल? मला प्रामाणिकपणे दोन्ही शक्य वाटतात. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, पर्यटक कमी होतात. जखम पाठीवर उन्हाळ्यात होते, उपासमार जुलैत. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत डेटा गोळा केलात तर दोन्ही चुकतील.

आता मापनाचं. घोडा किती खंगलाय हे सांगायला हेनेके यांची 1983 ची पद्धत आहे, 1 ते 9 गुण. मान, खांद्यामागचा भाग, पाठ, बरगड्या, शेपटीचं मूळ अशा ठिकाणी हाताने चरबी चाचपायची. हाताने, बरं का. मी आणि माझी मैत्रीण दस्तुरीला सरावासाठी गेलो आणि फक्त बघून गुण दिले. निकृष्ट चारा आणि जंत यांमुळे पोट सुटलेला घोडा मला चांगला खाल्लेला वाटला, तिने बरगड्यांवर बोटं ठेवली आणि माझ्या गुणांतून दोन कापले. दोन निरीक्षकांचं किती जुळतं हे आधी तपासा (कोहेनचा कप्पा वाचून ठेवा, व्हायव्हात विचारतात).

या क्षेत्रातला वाचलाच पाहिजे असा अभ्यास म्हणजे प्रिचर्ड आणि सहकाऱ्यांचा, 2005 चा. भारतासह पाच देशांतली 4,903 घोडे, खेचरं, गाढवं त्यांनी तपासली. सुमारे 70 टक्के हडकुळी निघाली. पण तो एका वेळचा फोटो आहे. संस्थेमुळे फरक पडला का, हे फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी 'संस्था नसती तर काय झालं असतं' याची तुलना लागते, आणि फोन आलेल्या घोड्यांवरून ती करता येत नाही. फोन रस्त्यावरच्या घोड्याचा येतो, बंद गोठ्यातल्याचा नाही.

पशुगणनेचा आकडाही जपून वापरा. देशात 2012 साली घोडे-तट्टू सुमारे 6.25 लाख होते, 2019 मध्ये 3.4 लाख. बाकीचे कुठे गेले ते गणना सांगत नाही.

कायद्याबद्दल थोडंच. प्राणी उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं 1960 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. घोडा जप्त झाला की तो मुद्देमाल होतो आणि पांजरपोळात किंवा संस्थेत राहतो. त्याच्या पोषणाचा खर्च कायद्याप्रमाणे मालकाकडून घ्यायचा असतो. तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहाएक किलो सुकं खाद्य लागतं, दीड-दोन महिन्यांनी नालबंद लागतो, आणि आयुष्य पंचवीस वर्षांचं. एका घोड्याला आसरा देण्याच्या खर्चात किती घोड्यांचे खूर त्यांच्या मालकाच्या दारात नीट राहतील, हे गणित कुणीतरी पनवेल-कर्जत पट्ट्यात करायला हवं. विषय मोकळा आहे, घ्या.

मी पाचशे रुपये बंद केले नाहीत. गाढीकाठचा घोडा आता उभा राहून खातो, ते मी पाहून आले. पण संस्थेला दोन प्रश्नांचा मेल केला आहे: घोडा लिहून देणाऱ्या मालकांकडे तुम्ही सहा महिन्यांनी जाता का? आणि गावात फिरणारा नालबंद ठेवायचा तर किती पैसे लागतील? पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आलं. दुसऱ्याचं अंदाजपत्रक करायला त्यांनी मलाच बोलावलंय, पुढच्या शनिवारी.